देऊळघाट : एक मुक्काम व कांहीं पुतळ्या

वऱ्हाडच्या पश्चिम सीमेवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर, देऊळघाट नांवाचें एक जुनें गांव आहे. बुलढाणें हें जिल्ह्याचें ठिकाण तेथून इतकें जवळ आहे कीं, सकाळीं बाजारास गेलेला मनुष्य दुपारच्या पानावर घरीं परत येतो. गांवाच्या नांवांत देऊळ आणि घाट हीं दोन्ही आलेलीं आहेत. त्यांपैकीं देवळें महाराष्ट्रांत कोठें नाहींत? परंतु घाट ह्या शब्दांत मात्र ह्या प्रदेशाचें सारें वैशिष्ट्य सांठविलेलें आहे. येथील लोक अद्यापि आपल्या जिल्ह्याचे 'घाटावरचा' व 'घाटाखालचा' असे दोन भाग करितात. जुन्या दप्तरांतून ह्यांनाच बालाघाट व पाईनघाट अशीं नांवें होतीं. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी कसदार भुई, कापूस, कडक उन्हाळा आणि मलकापूरची आगगाडी. घाटावर मोकळे माळ, गार वारा आणि पावसाळ्यानंतर बरेच दिवस टिकणारी हिरवळ.

ह्याच बाजूच्या डोंगरांत पैनगंगेचा उगम आहे. उगमाजवळची नदी ती. तिचें पात्र पाहून पुढें ही एवढा मोठा पल्ला गांठणार आहे असें कोणास वाटणार नाहीं. ह्या रांगेच्या दक्षिण अंगास पडलेला पावसाचा थेंब पैनगंगेंतून मेहकरावरून वर्धेस, तेथून प्राणहितेस आणि शेवटीं गोदावरीच्या संगतीनें पूर्व समुद्रास मिळतो. उत्तरेच्या उतारावर पडलेला थेंब नळगंगेंतून पूर्णेस, पूर्णेंतून तापीस आणि तापीबरोबर सुरतेजवळ पश्चिम समुद्रास जातो. दोन थेंबांमधील अंतर कदाचित् एका शेताच्या बांधाएवढें. पण एकाच्या वांट्यास पूर्व समुद्र येतो, दुसऱ्याच्या वांट्यास पश्चिम.

गेल्या माघांत आमच्या कुटुंबाच्या माहेरकडील एका मुलाच्या मौंजीच्या निमित्तानें आम्हांस येथें चार दिवस राहण्याचा योग आला. सकाळचें स्नानसंध्या आटोपून आम्ही पायीं फिरावयास निघत असूं. गांवांत हिंदु व मुसलमान असे दोन्ही समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारीं राहत आलेले; देवळांतील घंटा आणि मशिदींतील बांग एकामागून एक कानीं येई. गांवाबाहेर पडलें म्हणजे नैर्ऋत्येस मराठवाड्याकडे जाणारी वाट लागते. ह्या वाटेवर उभे राहून आमचें मन नेहमीं एकाच विषयाकडे वळे. आणि तोच विषय आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

तो विषय म्हणजे जुनीं नाणीं व त्यांवरील मूर्ति. देऊळघाटांत हा विषय कसा सुचावा, असें कोणी विचारील. ह्या वाटेनें पुढें गेलें असतां भोकरदन लागतें. पूर्वीं हें गांव निजामी मुलखांत होतें. आज तें जालना जिल्ह्यांत मोडतें. भोकरदनचें प्राचीन नांव भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांवर ज्या दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत, त्यांत ह्या भोगवर्धनाचे रहिवासीही आहेत. १९७३ सालीं येथें उत्खनन झालें, त्यांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति सांपडली. तशाच घडणीची एक मूर्ति धाराशीव जिल्ह्यांतील तेर गांवींही मिळालेली आहे. आतां नवल असें कीं, ह्या दोघींची बहीण शोभावी अशी तिसरी मूर्ति १९३८ सालीं इटली देशांत, पाँपेई शहराच्या राखेखालीं सांपडली. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस पर्वताचा स्फोट होऊन तें शहर गाडलें गेलें. म्हणजे त्यापूर्वींच आपल्याकडील कारागिरी रोमन गृहस्थाच्या घरांत जाऊन पोहोंचली होती.

त्याच शतकांत ग्रीक भाषा जाणणाऱ्या एका खलाशानें आपल्या समुद्रप्रवासाचें टिपण लिहून ठेविलें आहे. तें 'पेरिप्लस' ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत तो सांगतो कीं, भडोचेपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर आहे. तगर म्हणजेच आजचें तेर. पैठणाहून गोमेदासारखे रंगीत दगड आणि तगराहून जाडेंभरडें व तलम कापड गाड्यांत भरून भडोचेस जात असे. बदल्यांत येई मद्य, तांबें, कथील, शिसें, पोंवळें. आणि रोमचें सोन्यारुप्याचें नाणें, जें येथें बदलून घेतलें असतां नफा होई. प्लिनी नांवाच्या रोमन ग्रंथकारानें तर अशी तक्रार केली आहे कीं, हिंदुस्थान दरवर्षीं आमचे पांच कोटि सेस्टर्स गिळून टाकतो. आपल्या देशावर उधळपट्टीचा आरोप पुष्कळांनीं केला. परंतु दुसऱ्याचें सोनें ओढून घेतल्याचा आरोप वाचून आम्हांस क्षणभर गंमत वाटली, हें लपवीत नाहीं.

आतां हीं नाणीं होतीं तरी कशीं? हिंदुस्थानांत जीं रोमन रुप्याचीं नाणीं सांपडतात, त्यांत दोन प्रकार फार आढळतात. पहिला ऑगस्टस बादशहाचा. एका अंगास त्याचें मस्तक, त्यावर पानांची माळ, आणि भोंवतीं 'देशाचा पिता' ही पदवी. दुसऱ्या अंगास दोन तरुण उभे आहेत. मध्यें त्यांच्या ढाली व भाले. आणि वरच्या बाजूस एक वांकडी काठी व एक लांब दांड्याची पळी. ही पळी पाहून आमच्या घरच्या वाचकांस संध्येच्या पळीची आठवण झाल्यास नवल नाहीं; कारण ती खरोखरीच पूजेची पळी आहे, व ती काठीही शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची आहे. ह्या दोन चिन्हांचा अर्थ असा कीं, हे दोघे कुमार धर्माधिकारावर नेमले गेले आहेत. हे ऑगस्टसच्या मुलीचे मुलगे, गायस आणि लूसियस. बादशहास पुत्र नसल्यामुळें त्यानें ह्या नातवांस दत्तक घेतलें होतें व सारें साम्राज्य त्यांच्या हातीं द्यावयाचें ठरविलें होतें. परंतु धाकटा इ. स. २ मध्यें वारला, थोरला इ. स. ४ मध्यें. नाणीं मात्र हातोहात फिरत राहिलीं, जहाजांत बसून हिंदुस्थानास आलीं, आणि मडक्यांत पुरलीं गेलीं. वृद्ध आजाच्या आशेचें इतकें टिकाऊ चित्र दुसरें क्वचितच असेल.

दुसरा प्रकार त्याच्या मागून आलेल्या टायबेरियसचा. ह्यावर एक स्त्री आसनावर बसलेली आहे. एका हातांत राजदंड व दुसऱ्या हातांत डहाळी. कोणी तिला बादशहाची माता लिव्हिया म्हणतात, कोणी शांतिदेवता. टायबेरियसनें तेवीस वर्षें राज्य केलें, पण हें चित्र फारसें बदललें नाहीं. आणि व्यापाऱ्यांस तेंच हवें होतें. ओळखीचा चेहरा असलेलें नाणें लोक पारखल्यावांचून घेतात. पुढें इ. स. ६४ मध्यें नीरोनें रुप्याच्या नाण्याचें वजन व कस उतरविला. आपल्याकडील सांठ्यांत ऑगस्टस व टायबेरियस ह्यांचींच रुपेरी नाणीं अधिक आढळतात, ह्यावरून येथील सराफ किती जागरूक होते तें दिसून येतें.

रोमन नाण्यांवरील चित्रें म्हणजे त्या काळचें वर्तमानपत्रच होय. त्या विस्तीर्ण राज्यांत बहुसंख्य लोकांस वाचतां येत नव्हतें. पण नाणें प्रत्येकाच्या हातांत पडे. मिसर देश जिंकल्यावर ऑगस्टसनें नाण्यावर सुसर काढविली. सुसर म्हणजे नील नदी, आणि नील नदी म्हणजे मिसर. ह्याच विजयानें हिंदुस्थानचा समुद्रमार्ग रोमनांस मोकळा झाला. पुढें एका बंदरांतून वर्षास एकशेंवीस गलबतें इकडे येत, असें स्ट्राबोनें लिहिलें आहे. ऑगस्टसची रास मकर. ती त्याची चंद्ररास असावी असें कित्येक पंडित मानतात. तीही त्यानें नाण्यावर छापिली. आपल्या जन्मपत्रिकेंतील रास साऱ्या प्रजेच्या खिशांत घालणारा हा राजा विरळाच! व्हेस्पेशियन बादशहाच्या सैन्यानें इ. स. ७० मध्यें यहुदी लोकांचें यरुशलेम घेतलें, तेव्हां त्याच्या नाण्यावर ताडासारख्या वृक्षाखालीं बसून रडणारी एक स्त्री दिसूं लागली. जेत्यानें तें चित्र आपल्या गौरवासाठीं काढविलें. पण आज पाहणाऱ्याचें चित्त त्या स्त्रीकडेच जातें.

ह्याखेरीज नाण्यांवर गुणांच्या मूर्ति असत. विजया पंख पसरून येते. समृद्धीच्या हातांत फळाफुलांनीं भरलेलें शिंग असतें. भाग्यदेवतेच्या हातांत नावेचें सुकाणूं, कारण भाग्य कोणत्या बाजूस वळेल त्याचा नेम नाहीं. न्यायदेवतेच्या हातांत तराजू. अन्नदेवतेजवळ धान्याचें माप व कणसें. ह्या कल्पना आपणांस परक्या वाटूं नयेत. गीतेच्या दहाव्या अध्यायांत कीर्ति, श्री, मेधा, क्षमा ह्यांचा निर्देश नारीरूपानेंच केलेला आहे. इतकेंच नव्हे, तर तें भरलेलें शिंग खरोखरीच प्रवास करीत आपल्याकडे आलें. कुशाण राजांच्या नाण्यांवर तें अर्दोक्षो देवीच्या हातांत दिसतें, आणि समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यांवर सिंहासनस्थ देवीच्या हातांत. नंतरच्या गुप्त नाण्यांवर सिंहासन जाऊन कमळ आलें, शिंग जाऊन हातांतही कमळ आलें, आणि परदेशची पाहुणी आपली लक्ष्मी होऊन बसली.

शब्दांनींही असाच प्रवास केला आहे. रोमचा 'देनारियस' संस्कृतांत 'दीनार' झाला व अमरकोशांत जाऊन बसला. ग्रीकांचा 'द्राख्मा' तो आपला 'द्रम्म', आणि त्याचा 'दाम'. रोम नगरांत जूनो मोनेटा देवीच्या मंदिराशीं टांकसाळ होती, म्हणून 'मोनेटा'पासून इंग्रजांचा 'मनी' निघाला. आमच्या पाणिनीनें 'रूप्य' शब्द 'रूप'पासून साधतांना त्याचा एक अर्थ 'आहत' म्हणजे ठसा मारलेला असा घेतला आहे. ज्यावर रूप उठविलें तें रूप्य, आणि त्याचाच आपला रुपया. म्हणजे नाणें आणि मूर्ति ह्यांचें नातें आमच्या भाषेंत मुळापासून आहे. आणखी एक गोष्ट. वेदांत 'निष्क' म्हणजे गळ्यांतील सोन्याचा अलंकार. पुढें तोच शब्द नाण्यास लागला. दागिन्याचें नाणें झालें. त्याच्या उलट, नाण्याचा दागिना कसा होतो तें पुढें सांगावयाचें आहे.

रोमन बादशहाच्या मस्तकाची येथील लोकांस भीति नव्हती व आदरही नव्हता, असें दिसतें. १८९८ मध्यें तमिळ देशांत पुदुकोट्टै येथें ५०१ रोमन सुवर्णनाणीं सांपडलीं. त्यांतील बहुतेकांवर बादशहाच्या तोंडावरून छिन्नीचा आडवा घाव घातलेला आहे. दुसरीकडे त्याच मस्तकाची हौसही फार. तेर येथें व तेलंगणांतील कोंडापूर येथें रोमन नाण्यांचे ठसे उठविलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या आहेत; गळ्यांत अडकविण्यासाठीं त्यांना कडी ठेविलेली असते. ज्यांस सोनें परवडत नव्हतें त्यांनीं मातीचा बादशहा गळ्यांत बांधला!

आपले सातवाहन राजे ह्या बाबतींत निराळ्या वळणाचे. १९३९ सालीं तऱ्हाळा गांवीं, म्हणजे त्या वेळच्या अकोला व आतांच्या वाशीम जिल्ह्यांत, सुमारें १६०० सातवाहन नाण्यांचा सांठा मिळाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनीं तो अभ्यासून प्रसिद्ध केला, तेव्हां पुराणांच्या यादींतही नसलेले कांहीं सातवाहन राजे इतिहासास कळले. ह्या नाण्यांवर राजाचें मुख नाहीं. एका अंगास सोंड उचललेला हत्ती व राजाचें नांव, दुसऱ्या अंगास चार वर्तुळें जोडलेलें उज्जयिनीचिन्ह. राजा आपला चेहरा दाखवीत नाहीं; हत्तीकडून आपलें नांव सांगवितो. रुप्याच्या नाण्यांवर मात्र त्यांनींही आपली छबि उठविली. सोपाऱ्याच्या स्तूपांत १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांस यज्ञश्री सातकर्णीचें असें एक नाणें मिळालें.

परंतु ह्या सर्वांत बोलकीं नाणीं नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभीचीं. १९०६ सालीं तेथें तेरा हजारांवर रुप्याचीं नाणीं निघालीं. तीं सारीं नहपान क्षत्रपाचीं. त्यांवर त्याचें मस्तक व ग्रीक वळणाचीं अक्षरें. गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचा पराभव केल्यावर हीं नाणीं आटविलीं नाहींत. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्यानें आपला पर्वताचा व उज्जयिनीचिन्हाचा ठसा मारला. कित्येकांवर नव्या ठशाखालून जुन्या शत्रूचें नाक वा कपाळ अद्याप दिसतें. रोमच्या राजसभेनें कॅलिगुलाच्या वधानंतर त्याच्या मुखाचीं पितळी नाणीं वितळविण्याचा हुकूम केला होता. दोन्ही रीति जेत्याच्याच. पण एकीनें इतिहास पुसला, दुसरीनें तो राखला. वितळलेलें सोनें फक्त वजन सांगतें. ठसा मारलेलें नाणें दोन राजांची हकीकत सांगतें.

आतां पुतळ्यांकडे वळूं. आमच्या वाचकभगिनींपैकीं पुष्कळींच्या घरीं पुतळ्यांची माळ असेल. निदान आजीच्या गळ्यांत पाहिलेली असेल. ही पुतळी मूळची इटलींतील व्हेनिस नगरीची मोहोर. १२८४ सालीं ती प्रथम पाडली गेली व १७९७ मध्यें नेपोलियननें तें राज्य बुडविलें तोंपर्यंत, म्हणजे पांचशें वर्षें, तिचें वजन, कस व चित्र जवळजवळ एकच राहिलें. वजन साडेतीन ग्रॅम. सोनें अगदीं शुद्ध. एका अंगास मार्क नांवाचा ख्रिस्ती संत उभा आहे. तो गुडघे टेकलेल्या अधिपतीच्या हातीं ध्वज देत आहे. दुसऱ्या अंगास लांबट वर्तुळांत, तारकांच्या मध्यें, येशू ख्रिस्त उभा. नाण्यावर ख्रिस्ताची मूर्ति काढण्याचा प्रघात कॉन्स्टँटिनोपलच्या रोमन बादशहांनीं सातव्या शतकाच्या अखेरीस पाडला, आणि व्हेनिसनें तो वळसा त्यांच्याकडून उचलला. म्हणजे ज्या रोमन नाण्यांस आमच्या पूर्वजांनीं कड्या लाविल्या, त्यांचीच ही वंशांतील नात आहे. आणि तिलाही आम्हीं कडी लावून गळ्यांतच घातलें. तमिळ देशांत ह्या मोहोरेस 'शाणार काशु' म्हणतात, कारण ध्वजाची काठी तेथील लोकांस ताडाचें झाड वाटली व धरणारा ताडी काढणारा शाणार! चित्र एकच; पाहणाऱ्याचें मन त्यांत आपलें गांव पाहतें. १९११ सालीं पंचम जॉर्जच्या रुपयावर पदकांतील चिमुकला हत्ती लोकांस डुकरासारखा दिसला, मोठा गहजब झाला, आणि सरकारास तो ठसा बदलावा लागला. तोही ह्याच न्यायाचा प्रकार.

मौंजीच्या दुसऱ्या दिवशीं ह्या पुतळ्यांचा प्रश्न पुस्तकांतून निघून आमच्यासमोर पाटावर येऊन बसला. आमच्या कुटुंबाच्या एक काकू देऊळघाटांत असतात. वय ऐंशींच्या पुढें, पण दृष्टि व स्मरण दोन्ही शाबूत. त्यांनीं लाल फडक्याची एक पुरचुंडी सोडून आमच्यापुढें सतरा पुतळ्या मांडल्या. मूळच्या एकवीस; दोन १९७२ च्या दुष्काळांत गेल्या, दोन विहिरीच्या बांधकामांत. काकूंचा मुलगा चार वर्षांपूर्वीं वारला. त्याच्या मुलीस वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळाला होता, आणि पहिल्या वर्षाची फी महिनाअखेर भरावयाची होती. ही माळ त्या नातीलाच लग्नांत जावयाची, असें पूर्वींपासून ठरलेलें.

काकू म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हांस इंग्रजी अक्षर लागतें. ह्यांवर काय लिहिलें आहे तें एकदां सांगा. माझ्या सासूबाई म्हणत, हा उभा राम आणि हा गुडघे टेकलेला भरत. राम त्यास पादुका देतो. मागल्या अंगास विष्णु, भोंवतीं चांदण्या. सराफ तर मूस पेटवून बसला आहे. देवाचीं रूपें आटविलीं तर दोष लागेल का हो?"

आम्हीं भिंग घेऊन एकेक पुतळी पाहिली. चौदा पुतळ्यांवरील अक्षरें म्हणजे नुसत्या रेघा व टिंबें होतीं. ज्या सोनारानें तीं कोरलीं त्यास तीं अक्षरें आहेत हेंही ठाऊक नसावें. अशा देशी घडणीच्या पुतळ्या पुष्कळ घरांत असतात. तीन मात्र अस्सल. त्यांतील एकीवर लुडोव्हिको मानिन हें नांव स्पष्ट लागलें. तो व्हेनिसचा शेवटचा अधिपति. त्याचें राज्य १७९७ मध्यें बुडालें, पण त्याची मोहोर येथें एका माजघरांत सणावारीं हळदकुंकू घेत राहिली!

आम्हीं काकूंस जें खरें तें सांगितलें. हा राम नव्हे, तो परदेशचा एक संत. हा भरत नव्हे, तो तेथला राजा. काकूंनीं पुतळी डोळ्यांजवळ धरली व थोडा वेळ पाहून म्हणाल्या, "म्हणजे उभा आहे तो साधु, आणि राजा त्याच्यापुढें वांकला आहे. मग सासूबाई फारशा चुकल्या नव्हत्या."

ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें व तें द्यावयाचें कारणही नव्हतें. दोषाविषयीं आम्हीं इतकेंच सांगितलें कीं, मूर्तींत देवत्व येतें तें प्राणप्रतिष्ठेनें. नाण्यावरील रूप ही राजाची खूण होय, तिची प्रतिष्ठा कोणी करीत नाहीं. तेव्हां आटविण्यांत पाप नाहीं. पण त्या तीन अस्सल पुतळ्या मुशींत घालणें हें पाप नसलें तरी नुकसान आहे. त्यांची किंमत सोन्याच्या वजनाहून निराळी, आणि एकदां वितळल्यावर ती कोणासही परत आणतां येणार नाहीं.

काकूंनीं विचार करण्यास एक रात्र घेतली. नातीला त्यांनीं विचारलें, तेव्हां ती मुलगी म्हणाली, "आजी, माळ राहूं दे, मी कर्ज काढीन." काकूंस तें मानवलें नाहीं. सकाळीं त्यांनीं चौदा पुतळ्या आमच्या हातीं दिल्या. "ह्या द्या. तीन तिच्या पेटींत ठेवतें. डॉक्टरीण झाल्यावर घालावीशी वाटली तर घालील. दुष्काळांत दोन दिल्या तेव्हां घर जगलें. आतां चौदा दिल्या तर मुलगी उभी राहील. माळ त्यासाठींच असते."

देण्यापूर्वीं आम्हीं प्रत्येक पुतळीवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनें तिचा ठसा घेतला व वजन लिहून ठेविलें. सर्व मिळून चार तोळ्यांच्या आसपास भरलें. मग नातीस बरोबर घेऊन आम्ही सराफाकडे गेलों. मूस तापली, आणि तो साधु, तो वांकलेला राजा, त्या चांदण्या, क्षणांत एकजीव होऊन त्यांचा लाल गोळा झाला. ती मुलगी कांहीं बोलली नाहीं. फी त्याच आठवड्यांत भरली गेली. ठशांचे कागद तिनें आपल्या पुस्तकांत ठेवले आहेत.

काकूंनीं केलें तें आमच्या मतें योग्यच केलें. स्त्रीधनाचा उपयोग स्त्रीच्या विद्येकडे व्हावा, ह्याहून त्याची अधिक चांगली गति कोणती? परंतु ह्या प्रसंगावरून आमच्या वाचकांस दोनचार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. घरांतील जुनी माळ वा मोहोर मोडण्याची वेळ आली, तर आधीं ती जाणत्यास दाखवावी. अस्सल कोणती व नकल कोणती हें ठरल्यावांचून मूस पेटवूं देऊं नये. चिंच किंवा राख लावून जुनें नाणें घांसूं नये. घांसल्यानें अक्षरें जातात आणि अक्षरांबरोबर सन व नांव. प्रत्येक नाण्याचा कागदी ठसा घ्यावा, वजन लिहावें, आणि तें घरांत कोणाकडून आलें तें दोन ओळींत टिपून ठेवावें. आणि शेत नांगरतांना किंवा पाया खणतांना मडकें निघालें, तर तें लपवूं नये. १८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किमतीचें भूमिगत धन सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणें हें सांपडणाऱ्याचें कर्तव्य आहे. जोगळटेंभी व तऱ्हाळा येथील मडकीं जर मुशींत गेलीं असतीं, तर नहपानाच्या पराभवाचा एवढा मोठा पुरावा आणि कित्येक सातवाहन राजांचीं नांवें आपण कायमचीं गमावलीं असतीं.

सोन्यास दोन किमती असतात. एक सराफाच्या कांट्यावर कळते. ती गरजेच्या वेळीं अवश्य घ्यावी, तींत कमीपणा नाहीं. दुसरी त्यावरील रूपाची व अक्षरांची असते. ती मात्र वाचून, लिहून ठेवल्यावांचून हातची जाऊं देऊं नये. पहिली किंमत एका पिढीच्या उपयोगीं पडते, दुसरी पुढच्या सर्व पिढ्यांच्या. इत्यलम्.